पाँपलमूसच्या बागेत आईंची तोंडी परीक्षा

मॉरिशसचे समुद्राचे फोटो सगळ्यांचे सारखेच येतात, ते सोडून देते. पाँपलमूसच्या बागेबद्दल मात्र लिहायलाच हवं, कारण तिथे माझ्या सासूबाईंनी गाइडची पार पंचाईत केली.

बागेतली सगळी गर्दी राक्षसी कमळांच्या तळ्याकाठी. मूळची अॅमेझॉनची ही कमळं; काठ वर वळलेली, परातीसारखी पानं. फूल पहिल्या संध्याकाळी पांढरं उमलतं आणि दुसऱ्या दिवशी गुलाबी होतं म्हणे. सेल्फीवाल्यांच्या कोपरांमधून जेवढं दिसलं तेवढं पाहिलं.

खरी गंमत पुढे. गाइड वाटेतल्या झाडाचं पान तोडायचा, चुरगाळून एकेकाच्या नाकाशी धरायचा, "ओळखा!" सोबतची युरोपियन मंडळी डोळे मिटून विचारात पडायची. आई मात्र पान पुरतं जवळ यायच्या आत, "दालचिनी." "कापूर." "लवंग." चौथ्या पानाला त्याला वाटलं, आता सापडल्या. ऑलस्पाइस, थेट कॅरिबियनचं झाड. आई माझ्याकडे वळून म्हणाल्या, "अगं, आपल्या परड्यात विहिरीपाशी आहे ते! मसालेभातात घालतो की."

मग तो गडी हिंदीवर आला. बेटावर मराठी माणसं आहेत, गणेशचतुर्थीला सरकारी सुट्टी असते, असं बरंच सांगितलं. आईंना ऐकायचं होतं जायफळाचं. इंडोनेशियातल्या मोलुक्का बेटांवरच्या जायफळ-लवंगेवर डचांचा कडक पहारा होता. प्येर प्वाव्र या फ्रेंच माणसाचा एक हात लढाईत गेला होता, पण त्याने खटपट करून तिथली रोपं चोरून आणवली, आणि १७७० च्या सुमारास ही बाग उभी राहिली.

हे चालू असताना आई खाली पडलेलं उललेलं जायफळ उचलून त्याची लालभडक जायपत्री नखाने सोडवत होत्या. "माताजी, ये ले जाना मना है," गाइड म्हणाला. आई ठसक्यात, "ह्यांनी झाडंच्या झाडं चोरली, आणि मला एक बी न्यायची बंदी!" मी हिंदीत सांगितल्यावर तो इतका हसला की पुढचा गट थांबून बघायला लागला. जायफळ मात्र ठेवावंच लागलं.

आयुष्यात एकदाच फुलून मरणारा तालिपोत ताड आणि ती प्रचंड कासवं आम्ही अक्षरशः पळत पाहिली. टूरवाल्याने एवढ्या बागेला मोजून एक तास दिला होता. कपड्यांच्या दुकानाला दोन! तिथे आमच्यापैकी कुणी रुमालसुद्धा घेतला नाही.