पोटाचं पथ्य आणि पाकिटातलं खाणं: तुम्ही विचारलंत म्हणून

"पथ्यावर आहेस म्हणतेस आणि पाकिटातलं कसं काय खायलीस गं?" हा प्रश्न मला घरी, ऑफिसात, लग्नाच्या पंगतीत, कुठंही येतो. विचारणाऱ्याचा हिशोब सरळ असतो, पथ्य म्हणजे घरचा मऊ वरणभात आणि पाकीट म्हणजे पोटाची वाट. आता तुम्हीपण विचारलंत म्हणून एकदा सविस्तर लिहूनच टाकते.

मला आयबीएस (इरिटेबल बॉवेल सिंड्रोम) आहे. म्हणजे तपासण्यांत आतडं ठणठणीत दिसतं पण वागत मात्र नाही, पोट फुगतं, कळा येतात, कधी जुलाब तर कधी अजिबात नाही. डॉक्टर आणि डाएटिशियननी लो-फॉडमॅप डाएट दिलं. हे मेलबर्नच्या मोनॅश युनिव्हर्सिटीतल्या लोकांनी काढलेलं पथ्य आहे, साधारण २००५ च्या सुमाराचं. थोडक्यात सांगायचं तर काही साखरा (त्यांनाच फॉडमॅप म्हणतात) लहान आतड्यात नीट शोषल्या जात नाहीत, त्या पाणी ओढतात, तशाच मोठ्या आतड्यात जातात आणि तिथले जंतू त्यांच्यावर ताव मारून गॅस करतात. हे सगळ्यांच्याच पोटात होतं, फक्त आमच्यासारख्यांना ते सहन होत नाही. त्यामुळे कांदा बंद, लसूण बंद, गहू बंद, राजमा-छोले बंद, साधं दूध, आंबा, सफरचंद, मध, काजू सगळं बंद. ही यादी वाचून घरच्यांनी विचारलं की मग उरलं काय. तर ज्वारी, तांदूळ आणि शेंगदाणे उरले, आणि सोलापूरच्या माणसाला तेवढ्यावर दिवस काढता येतात बघा. मंगळवेढ्याच्या ज्वारीला जीआय म्हणजे भौगोलिक मानांकन आहे हे आम्ही कोणी न विचारताही सांगतो, पण ती माझ्या पोटालाही चालते हे कळलं तेव्हा खरा अभिमान वाटला.

आता पाकिटाचं. माझं म्हणणं एवढंच आहे की घरच्या जेवणावर लेबल नसतं. आमच्या आत्या फार प्रेमानं करतात, आधीच सांगतात की तुझ्यासाठी वेगळं काढलंय, लसूण अजिबात नाही, आणि अर्धं ताट संपल्यावर म्हणतात, "फक्त वाटणात होता तेवढाच गं, वरनं नाही घातला." येसर आमटी असेल तर येसरात भाजलेला गहू-हरभरा आहे हे कोणाच्या लक्षातच येत नाही, कारण तो मसाला आहे, गहू म्हणजे पोळी. काळ्या मसाल्यात कांदा भाजून घालतात की नाही हे प्रत्येक घराचं वेगळं. त्यांचं चुकत नाही ओ, आपल्याकडे कांदा-लसूण हे जिन्नस म्हणून कोणी मोजतच नाही, मिठासारखं धरून चालतात. पाकिटवाल्याला मात्र कायद्यानं लिहावं लागतं की आत काय आहे, आणि वजनानं जे जास्त ते आधी या क्रमानं लिहावं लागतं. माझ्यावर त्याचं प्रेम नाही पण त्यानं यादी दिलीय. मला सध्या यादी जास्त उपयोगाची आहे.

अर्थात यादी वाचायला शिकावं लागतं. पाकीट फिरवायचं, मागची बारीक अक्षरं मोबाईलच्या कॅमेऱ्यानं झूम करायची (दुकानदाराला वाटतं मी रेट बघतीय). हिरव्या ठिपक्याचा मला काही उपयोग नाही, कांदापण शाकाहारीच आहे. अ‍ॅलर्जीच्या ओळीत गहू, दूध, सोया, शेंगदाणे वगैरे असतील तर लिहावेच लागतात त्यामुळे गव्हाचं लगेच कळतं. पण कांदा-लसूण त्या अ‍ॅलर्जीच्या यादीत नाहीत, आणि खरी गोम पुढेच आहे. मसाल्यांची नावं एकेक न लिहिता नुसतं 'स्पायसेस अँड काँडिमेंट्स' असं एकत्र लिहायची मुभा असते. त्या दोन शब्दांच्या पोटात काय काय बसलंय ते देवाला ठाऊक. चिवडा, शेव, रेडी टू कुक भाजी, सूप कशावरही नुसतं एवढंच दिसलं की मी पाकीट परत ठेवते, मग ते कितीही भारी कंपनीचं असो.

यावर मला सापडलेला उपाय एकदम देशी आहे. जैन पाकिटं आणि उपवासाची पाकिटं. आपल्या सोलापुरात जैन समाज मोठा, त्यामुळे बऱ्याच किराणा दुकानात 'जैन' लिहिलेला सांबार मसाला, पावभाजी मसाला, फरसाण असं काही ना काही मिळतं. ज्या माणसानं ते धर्मासाठी बनवलं त्यानं कांदा-लसणाच्या बाबतीत माझ्यापेक्षा कडक नियम पाळलाय, मला अजून काय पाहिजे. मात्र जैन म्हणजे गहू नाही असं नव्हे, तिथं मैदा बिनधास्त असतो. उपवासाच्या पाकिटात उलट धान्याचाच प्रश्न मिटतो. बटाट्याचा उपवासाचा चिवडा घ्या, बटाटा, शेंगदाणे, तेल, मीठ, साखर, मिरची, संपली यादी. काजू-बेदाणे असले तर मी बाजूला काढते आणि पोरगी ते खाते, ती याच आशेवर माझ्या शेजारी बसते. आमच्या सासूबाईंना वाटायचं सून एकदम धार्मिक झाली, वारी-तिथीचा पत्ता नाही आणि रोज उपवासाचं खातीय.

सगळ्यात जपून राहायचं ते 'हेल्दी' पाकिटांपासून, हे मी ठामपणे सांगते. डायजेस्टिव्ह बिस्किट म्हणजे पोटाला चांगलं असा समज आहे, पण त्यात पहिलाच जिन्नस बहुतेक वेळा गव्हाचं पीठ नाहीतर मैदा. फायबर जास्त असं ओरडून सांगणाऱ्या बार आणि पावडरमध्ये इन्युलिन किंवा चिकोरीचं फायबर घातलेलं असू शकतं, आणि ते म्हणजे कांद्यातली जी साखर मला त्रास देते तिचीच सख्खी बहीण. शुगर फ्री चॉकलेट, च्युइंगगम, बिस्किटं यात बऱ्याचदा सॉर्बिटॉल, माल्टिटॉल असे साखरेऐवजीचे गोड पदार्थ असतात, कधी नावानं आणि कधी नुसत्या आकड्यानं, ४२० म्हणजे सॉर्बिटॉल आणि ९६५ म्हणजे माल्टिटॉल. जास्त खाल्लं तर चांगल्या पोटाच्या माणसालाही जुलाब होतात. शुगरवाले काका-मामा शुगर फ्री म्हणून डबा संपवतात आणि मग हवामानाला दोष देतात.

आणि ज्वारीची बिस्किटं. २०२३ हे भरडधान्यांचं आंतरराष्ट्रीय वर्ष झालं आणि तेव्हापासून जिकडंतिकडं पाकिटावर ज्वारीचं कणीस. समोर मोठ्या अक्षरात ज्वारी, मागं यादीत आधी मैदा, मग साखर, मग पाम तेल आणि मग कुठंतरी आपली ज्वारी. पण जो पदार्थ नावात मिरवलाय तो किती टक्के आहे हेही लिहावं लागतं, तेवढा आकडा शोधायचा. बऱ्याचदा तो बघून हसू येतं, ज्वारीच्या कोठारात राहून आपण मैद्याची ज्वारी विकत घ्यायची म्हणजे कमाल आहे.

त्यापेक्षा आपली कडक भाकरी. पाकिटातल्या खाण्यावर माझा विश्वास बसायला खरं तर तीच कारण आहे. पातळ, पापडासारखी मोडणारी, टिकायला उत्तम, आणि मी जी घेते तिच्यावर ज्वारी, तीळ, मीठ एवढंच लिहिलेलं असतं. पुण्याला जायचं असलं की सकाळच्या हुतात्मा एक्सप्रेसमध्ये माझ्या पिशवीत ती असतेच, कुर्डुवाडी यायच्या आत शेजारचे मागायला लागतात. सोबत शेंगा चटणी लागते आणि सोलापूरची शेंगा चटणी म्हटलं की लसूण आलाच, त्याच्याशिवाय चटणी म्हणणं इथं गुन्हा आहे. पण बिनलसणाची पण मिळते, विचारावं लागतं. उखळात कुटून तेल सुटलेली असेल तर लसणाची आठवण कमी येते. अगदीच राहवत नसेल तर लसणाची ती साखर पाण्यात विरघळते पण तेलात नाही, म्हणून तेलात लसूण परतायचा, पाकळ्या काढून टाकायच्या आणि ते तेल चटणीवर सोडायचं. वास सगळा येतो. रस्सा-आमटीत पाकळ्या टाकून नंतर काढल्या तर मात्र उपयोग नाही, तिथं पाणी आहे. आणि हे तेल करून बाहेर ठेवायचं नाही, लागेल तेवढंच ताजं करायचं.

एक गोष्ट मात्र गंमतीत घेऊ नका. ज्यांना सिलिअ‍ॅक, म्हणजे ग्लुटेननं आतड्याला इजा होणारा आजार आहे त्यांचं पथ्य आणि माझं पथ्य वेगळं. त्यांना गव्हातलं ग्लुटेन नावाचं प्रथिन कणभरही नको, ग्लुटेन फ्री लिहायचं तर किलोमागं २० मिलिग्रॅमच्या आत असावं लागतं. मला चिमूटभर हिंगानं काही होत नाही, पण डबीतल्या हिंगात बऱ्याचदा गव्हाचं पीठ मिसळलेलं असतं आणि ते त्यांना चालत नाही. आणि गहू बंद करून बघू म्हणत असाल तर आधी सिलिअ‍ॅकची रक्ततपासणी करून घ्या, गहू सोडल्यावर केलेली तपासणी खोटी नॉर्मल येऊ शकते.

पाकिटात मीठ आणि तेल जास्त असतं हे मान्यच आहे, म्हणून रोजचं जेवण भात, भाकरी, शेपू-मेथीची भाजी असंच असतं. पाकिटं प्रवासाला, ऑफिसच्या चार वाजताच्या भुकेला आणि दुसऱ्याच्या घरी जाताना. चहाला लॅक्टोज फ्री (लॅक्टोज म्हणजे दुधातली साखर) दुधाचं पाकीट, तो खर्च घरात अजून कोणाला पटलेला नाही.

जन्मभर असंच खाणार का, हा पुढचा प्रश्न असतो. नाही. कडक भाग दोन ते सहा आठवड्यांचाच असतो, मग डाएटिशियनच्या देखरेखीखाली एकेक गट थोडा थोडा वाढवत परत आणायचा आणि कशानं त्रास होतो ते बघायचं. माझं निघालं ते असं की आंबा थोडा चालतो, गव्हाची एखादी पोळी चालते, दूध फार नाही, आणि लसूण अजिबात नाही. त्यामुळे आता मैदा दिसला म्हणून पाकीट परत ठेवत नाही, फक्त लसूण आणि तो 'स्पायसेस अँड काँडिमेंट्स' तेवढा बघते. तुमचं वेगळं निघेल, माझी यादी उचलू नका.