जुन्या पद्मिनीची पाच वर्षांनी होणारी तपासणी

खासगी मोटारीची नोंदणी पहिली पंधरा वर्षे चालते आणि त्यानंतर दर पाच वर्षांनी गाडी मोटार वाहन निरीक्षकासमोर उभी करून ती वाढवून घ्यावी लागते. आमची १९७८ सालची प्रीमियर पद्मिनी यंदा पुन्हा या तपासणीतून गेली. गोव्यातल्या फोंड्यात ती अजूनही बाजाराला, देवळाला आणि लग्नकार्याला जाते. ती शोभेची वस्तू नाही, त्यामुळे शिक्का मिळण्याइतकीच ती रस्त्यावर भरवशाची असणे आम्हांला महत्त्वाचे वाटते. या दोन गोष्टी एकच आहेत, असे मात्र मला वाटत नाही.

निरीक्षक दिवे, हॉर्न, वायपर, टायर आणि ब्रेक पाहतो. पण जुन्या गाडीच्या बाबतीत त्याचा बराचसा वेळ ही गाडी कागदावरचीच आहे ना, याची खात्री करण्यात जातो. इंजिन क्रमांक, रंग आणि पत्र्यावर ठोकलेला चेसिस क्रमांक नोंदणी पुस्तकाशी जुळावा लागतो. चेसिस क्रमांकावर कागद धरून पेन्सिल घासतात आणि तो ठसा अर्जासोबत जातो. अनेकदा रंगवलेल्या गाडीत हे आकडे रंगाखाली बुजलेले असतात. तेथे थिनरचा बोळा हलक्या हाताने फिरवावा, सँडपेपर कधीही लावू नये. खरवडलेला क्रमांक पाहून कोणाही निरीक्षकाला संशय यायचाच.

खरी तपासणी त्याआधी गॅरेजमध्ये होते. पद्मिनीला वेगळी चेसिस नाही, पत्र्याचा सांगाडाच सगळा भार पेलतो. म्हणून दाराखालच्या पट्ट्या आणि पायांखालचा पत्रा गंजला, की केवळ रूप बिघडत नाही, गाडीचा कणाच कुजतो. गोव्यात चार महिने पाऊस, समुद्राकडून येणारी खारट हवा आणि तळाच्या खाचांत बसून ओल धरून ठेवणारी तांबडी माती, अशा तिन्ही बाजूंनी गंजाला खाद्य मिळते. वरून पुट्टी आणि रंग मारलेला पत्रा डोळ्यांना धडधाकट दिसतो, पण पुट्टीच्या थरावर लोहचुंबक चिकटत नाही. आमचे वयस्क मिस्त्री चुंबक फिरवून एवढेच म्हणाले, “पुट्टी म्हळ्यार पत्रो न्हय,” म्हणजे पुट्टी हा काही पत्रा नव्हे. तेवढा भाग कापून नवा पत्रा वेल्ड करून घेतला.

ब्रेकबाबत तर कंजुषी करूच नये. चारही चाकांना ड्रम ब्रेक आणि तेलाचे एकच सर्किट. एका चाकाच्या ब्रेकमधले रबर गळले, की सगळ्याच चाकांचा ब्रेक जातो. ब्रेक ऑइल हवेतला ओलावा शोषते, त्यामुळे आपल्या हवामानात ते ठरावीक काळाने बदलणे आणि व्हील सिलिंडरची किट तपासणे भाग आहे. पेट्रोलच्या रबरी नळ्याही आता त्याच यादीत घातल्या पाहिजेत, कारण वीस टक्के इथेनॉलचे पेट्रोल या गाडीच्या काळातल्या रबरासाठी नव्हतेच, आणि तडकलेली नळी गरम इंजिनाशेजारी असते.

पीयूसीची, म्हणजे धुराच्या तपासणीची, धास्ती त्या मानाने उगाच घेतली जाते. या पिढीच्या पेट्रोल मोटारींना कार्बन मोनॉक्साइडची मर्यादा ३ टक्के आहे. पॉइंट, प्लग आणि कार्ब्युरेटर ठाकठीक असले, चोक पूर्ण आत असला आणि इंजिन चांगले तापवून नेले, तर ती सहज पाळता येते.

२०२८ मध्ये गाडीला पन्नास वर्षे होतील आणि २०२१ च्या नियमांनुसार तिची व्हिंटेज म्हणून नोंदणी करता येईल. त्या नोंदणीचे शुल्क २०,००० रुपये असून ती दहा वर्षे टिकते, म्हणजे तपासणीचे एक खेटे वाचते. परंतु व्हिंटेज गाडी रोजच्या वापरासाठी रस्त्यावर आणता येत नाही. म्हार्दोळच्या देवळात जायला गाडी काढावी की नाही, याचा विचार दर वेळी करण्यापेक्षा पाच वर्षांची तपासणी आम्हांला परवडते, म्हणून तो अर्ज करण्याचा आमचा विचार नाही.