गाण्यातली जागा

“हे गाणं तुला आवडतंच कसं?” आमच्या घरात हा प्रश्न सतत कुणीतरी कुणाला तरी विचारत असतं. सासऱ्यांना नाट्यसंगीताशिवाय दुसरं काही चालत नाही, नवरा गाडीत नव्वदच्या दशकातली हिंदी गाणी लावतो, मुलगा हेडफोन लावून रॅप ऐकतो आणि मी भजनी मंडळात पेटी वाजवते. विचारणाऱ्याला उत्तर नकोच असतं. समोरच्याची आवड हलकी आहे, एवढंच त्याला सुचवायचं असतं. मला हे मनापासून टोचतं, म्हणून लिहिते आहे.

कधीमधी गावातल्या छोट्या बैठकींत मी ख्यालालाही साथ करते. पेटीवाल्याला श्रोते समोरून दिसतात. गायक ताना घेत कुठल्या कुठे जाऊन येतो, पण त्याने मुखडा उचलला की सम, म्हणजे तालाची पहिली मात्रा, यायच्या आधीच जाणकारांच्या माना तयार असतात. समेवर त्या एकदम डोलतात आणि दाद जाते. त्यांच्याच रांगेत तालाची ओळख नसलेला कुणी बसलेला असतो. तो इतरांकडे बघून क्षणभर उशिरा मान हलवतो. सूर तेच, तबला तोच. फरक एवढाच की एकाला आता काय येणार ते माहीत होतं आणि दुसऱ्याला नव्हतं.

तिहाईला मात्र हाच माणूस खुलतो. एकच तुकडा तीनदा वाजतो. पहिल्यांदा नुसता ऐकू येतो, दुसऱ्यांदा कान तो ओळखतो आणि तिसरा कुठे जाऊन पडणार याची वाट बघू लागतो. तो समेवर पडला की लहान मुलंसुद्धा टाळ्या वाजवतात. त्यांना तीनताल कुणी शिकवलेला नसतो; त्या दोन आवर्तनांनीच त्यांना काय येणार ते सांगून ठेवलेलं असतं.

कॅनडात माँट्रियलला संशोधकांनी लोकांना आपापलं अंगावर काटा आणणारं संगीत घेऊन यायला सांगितलं आणि ते ऐकताना मेंदूत काय चालतं ते मोजलं. २०११ साली त्यांनी निष्कर्ष छापले. डोपामिन हे आनंदाशी जोडलेलं रसायन आवडत्या क्षणी स्रवतं, पण त्या क्षणाची वाट बघतानाही मेंदूच्या एका वेगळ्या भागात ते स्रवायला लागलेलं असतं. मला हे वाचून समेकडे निघालेला गायकच दिसला. अर्थात, दर वेळी अंदाज तंतोतंत खरा ठरला तर कान कंटाळतो. म्हणून तर मुरलेले गवई समेला कधी हूल देतात, आणि मुरलेले श्रोते त्यालाच सगळ्यात मोठी दाद देतात.

रॅपमध्ये काय आहे, हे मला मुलाने असंच दाखवलं. हेडफोनची एक बाजू माझ्या कानाला लावून त्याने बोट वर केलं, “आई, थांब, आत्ता येईल.” ठेका बंद पडला, नुसते शब्द सुरू राहिले, आणि मग ठेका धाडकन खाली आला. त्याची मान आमच्या बैठकीतल्या म्हाताऱ्यांसारखीच हलली. त्यालाही सम आहे. ती मला ऐकू येत नव्हती, इतकंच.

काही सूर जन्मतःच गोड लागतात, असं आपण धरून चालतो. पेटीवर सा आणि प एकत्र दाबले की निवांत वाटतं. सा आणि तीव्र म एकत्र दाबले की कान अवघडतो. बोलिव्हियात ॲमेझॉनच्या जंगलात चिमाने नावाचे लोक राहतात. त्यांना असे जुळणारे आणि न जुळणारे सूर ऐकवले तर दोन्ही सारखेच बरे वाटले, असं २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात आढळलं. नुसत्या आवाजाची खरखर त्यांनाही नकोशी वाटली. म्हणजे थोडं उपजत असेल, पण बरंचसं आपण ऐकून ऐकून कमावलेलं.

माझ्या पेटीनेही नावड भोगली आहे. तिचे सूर ठरलेले. दोन पट्ट्यांच्या मधलं काही तिला वाजवता येत नाही, मींड घेता येत नाही. गळा जिथून घसरत जातो तिथे पेटीला उडीच मारावी लागते. ही उणीव खरी आहे, मी रोज अनुभवते. पण तेवढ्यावरून १९४० साली रेडिओवर पेटीला बंदी झाली आणि ती सत्तरच्या दशकापर्यंत टिकली. गोविंदराव टेंब्यांसारखा पेटीचा बादशहा १९५५ साली गेला, तेव्हाही ही बंदी होतीच. आणि त्याच काळात महाराष्ट्रात नाटकाला, कीर्तनाला, भजनाला पेटी होतीच. तिच्याशिवाय लोकांचं चालत नव्हतं.

हुकमाने आवड बदलायचा दुसरा प्रयोग स्वातंत्र्यानंतरचा. १९५२ साली बाळकृष्ण केसकर नभोवाणी मंत्री झाले. शास्त्रीय संगीतावर त्यांचं खरं प्रेम होतं आणि आकाशवाणीवर त्यांनी त्याला मोठी जागा दिली, त्याबद्दल मला आदरच आहे. पण त्यांच्या काळात आकाशवाणीवरून सिनेमाची गाणी जवळजवळ हद्दपार झाली. लोकांनी काय केलं? रेडिओचा काटा श्रीलंकेच्या रेडिओ सिलोनकडे फिरवला आणि तिथे सिनेगीतांची बिनाका गीतमाला ऐकली. शेवटी १९५७ साली विविध भारती सुरू करावी लागली. आवड लावता येते, त्यासाठी शेजारी बसून ऐकवावं लागतं. हुकूम काढून ती कुणाला लागत नाही.

आता घरी मी नवीन पद्धत पाडली आहे. ज्याचं गाणं लागेल, त्याने त्यातली आपली जागा, म्हणजे आपल्याला भिडणारा क्षण, दाखवायची. सासऱ्यांनी एका पदातली हरकत तीन वेळा मागे नेऊन ऐकवली, आणि मुलगा चौथ्यांदा ती स्वतः गुणगुणला. नवऱ्याला मात्र जागा सापडेना. त्याने गाणं दोनदा वाजवलं, आणि मग म्हणाला की जागा बिगा काही नाही, कॉलेजला जायच्या एस.टी.त ड्रायव्हर हीच कॅसेट लावायचा, मी आणि मित्र मागच्या सीटवर असायचो. सासरे म्हणाले, चालेल, हीपण जागाच. आणि मग त्यांनी विचारलं, कुठली एस.टी. रे, सकाळची की दुपारची?