कूपरची जोडी, भाग ७: अखेर ‘ऱ्या’ दिसला

काल रात्री दीड वाजता ‘पायऱ्यांवर बसू नये’ हे वाक्य पहिल्यांदा जसंच्या तसं वाचता आलं. चार आठवडे खाल्ले त्या एका अक्षराने.

नव्या मंडळींसाठी एवढंच: ‘कूपर ब्लॅक’ या जाड इंग्रजी फॉन्टशेजारी शोभेल अशी देवनागरी काढतोय. शिकागोच्या ओझवाल्ड कूपरचं १९२२ सालचं हे बाळसेदार अक्षर. सेरिफ (अक्षराच्या टोकांची बोंडं) गोल, पाय फुगीर, ओ मधली पोकळी इवलीशी आणि मागे रेललेली. शिरोरेषेची कटकट मागच्या भागात मिटली (काना १९० युनिट जाड, शिरोरेषा १२६; युनिट म्हणजे फॉन्टमधलं मोजमाप. आता हात लावणार नाही). पाकळीयुक्त ल आणि देठयुक्त श एका रविवारात झाले. ल तर इतका गुबगुबीत आलाय की उगाचच टाइप करून बघतो.

घोडं अडलं ते ऱ्या मधल्या अर्ध्या र पाशी. हलक्या वजनात, म्हणजे बारीक अक्षरात, तो साधा फराटा असतो, शिरोरेषेखाली, य ला टेकलेला. ठळक वजनात वर शिरोरेषा, उजवीकडे य चं पोट आणि मध्ये माझी ७० ची रेघ. पांढरं उरतं जेमतेम बारा युनिट. पडद्यावर ते दिसतं, कागदावर बुजतं. सोसायटीच्या जिन्यासाठी ए-३ वर छापून आणलं. कोपऱ्यावरच्या झेरॉक्सवाल्याचा टोनर नेहमीसारखा सढळ. सेक्रेटरीकाकांनी चष्मा कपाळावर चढवला आणि म्हणाले, “पाययांवर? य दोनदा पडलाय रे.” फॉन्टात हा र नसायचा तेव्हा लोक नेटवर ‘पाय-यांवर’ लिहायचे. त्यांचं निदान वाचता तरी यायचं!

रेघ ४० ची केली, तर जाड अक्षरांत केस अडकल्यासारखी दिसली. खाली सरकवली, तर डॅश वाटली. शेवटी कूपरचाच छोटा आर मोठा करून पाहिला. त्याचा कान देठाशी बारीक, टोकाला गोळा. म्हणजे रेघ नकोच, थेंब हवा! डावीकडे ११० चा थेंब, य कडे निमुळता होत ३८. ग्लिफची, म्हणजे काढलेल्या आकाराची, रुंदी २१४ वरून २९२. हार्फबझमध्ये (अक्षरं जोडून दाखवणारं सॉफ्टवेअर) ऱ+हलन्त आणि र+हलन्त+झेडडब्ल्यूजे (न दिसणारं जोडचिन्ह), दोन्ही टंकनं तपासली. दर्या वेगळा, दऱ्या वेगळ्या.

वऱ्हाड, कुऱ्हाड, तऱ्हा मात्र फसले. थेंबाची निमुळती शेपटी थेट ह च्या मानेत घुसते. त्यासाठी आखूड शेपटीचा दुसरा ग्लिफ काढला. ओव्हरलॅप (एकमेकांवर आलेले आकार) काढण्याआधी फाइलची प्रत ठेवा, माझ्या फुकटच्या सॉफ्टवेअरने शेपटीचे दोन पॉइंट गिळले.

लग्नपत्रिकेचा सगळा मजकूर यात लावू का, असं विचारणाऱ्यांना: नको. वधूवरांची नावं लावा, मुहूर्त आणि पत्ता साध्या अक्षरात. पाटी, दुकानाचं नाव, दिवाळी अंकाचं मुखपृष्ठ यांसाठीच हे वजन आहे.

पुढच्या आठवड्यात आकडे घेणार होतो, पण हे लिहितानाच एक डोक्यात आलं. शेपटी य ला टेकवायचीच कशाला? वीस युनिटांची फट ठेवली तर शाई साचायला कोपराच उरणार नाही, आणि ह चा वेगळा ग्लिफही लागणार नाही. म्हणजे कालची निम्मी रात्र पाण्यात. असो, आकडे थांबतील. झेरॉक्सवाला नऊला उघडतो, तोवर फटीचे तीन नमुने तयार करतो: १२, २० आणि २८.