मराठी डॉक्युमेंटेशनला मार्कअप कुठलं?

कोल्हापुरात बसून एखाद्या ओपन सोर्स प्रकल्पाचं मराठी डॉक्युमेंटेशन सांभाळायचं असेल, तर मार्कअपचा फॉरमॅट (साध्या मजकुरात ठळक, शीर्षक, यादी यांच्या खुणा करायची पद्धत) ठरवण्याआधी एवढंच टाकून बघा: `**कोल्हापूर**ला`, म्हणजे शब्द ठळक आणि प्रत्यय साधा.

मार्कडाउन आणि आस्कीडॉक या फॉरमॅटमध्ये ठळकसाठीच्या या दुहेरी फुल्या बरोबर चालतात. रीस्ट्रक्चर्डटेक्स्ट या तिसऱ्या फॉरमॅटमध्ये मात्र ठळक शब्दाच्या शेवटच्या फुल्यांनंतर स्पेस किंवा विरामचिन्ह लागतं. प्रत्यय चिकटला की बिघडलंच. फुल्या आणि प्रत्यय यांच्यामध्ये बॅकस्लॅश आणि स्पेस घालावी लागते. मराठीत हे ओळीओळीला येणार! शिवाय यात शीर्षकाखाली चिन्हांची रेघ द्यावी लागते आणि ती पुरेशी लांब आहे का हे बघताना मात्राही मोजल्या जातात, म्हणून ती ऐसपैस ओढा.

तरीही पानोपानी परस्पर संदर्भ असतील तर स्फिंक्स या डॉक्युमेंटेशन बनवायच्या साधनासोबत रीस्ट्रक्चर्डटेक्स्टच घ्या. नुसतं रीडमी (प्रकल्पाची ओळख देणारी फाइल) असेल तर मार्कडाउन पुरे. फक्त क्रमांक देवनागरीत टाकू नका, '१.' लिहिल्यावर यादी बनतच नाही.