वकट, लेंड, मुंड...

"बाई, हे तर आमच्या घरचे आकडे आहेत!"

चौथीची पोरगी. वर्षभरात वर्गात आपणहून बोललेली मी पाहिली नव्हती. वडील कामासाठी तेलंगणातून अंबड एमआयडीसीत आलेले.

'लांबी मोजू या' हा आमचा प्रकल्प. टेपने मोजून पोरं कंटाळली, म्हणून आज सिडकोतल्या एका आजोबांना विटीदांडू घेऊन बोलावलं. पहिल्याच टोल्याला विटी थेट गटारात. (ती कोणी काढायची, यावर दहा मिनिटं गेली.) मग आजोबा दांडूने अंतर मोजायला लागले, "वकट, लेंड, मुंड, नाल..."

आणि ही उठली. "ओकटि, रेंडु, मूडु, नालुगु!"

आजोबा थबकले. "अगं, आम्ही लहानपणापासून असंच मोजतो. तेलुगू आहे होय हे?"

पुढचा अर्धा तास मोजणी तिच्याकडे. दांडू लहान-मोठा केला की उत्तर का बदलतं, हा माझा ठरलेला प्रश्न राहूनच गेला. राहू दे, उद्या घेईन.

हे शब्द मीही लहानपणी गोदाकाठी ओरडले आहेत. कुठून आले, हे कधी विचारलंच नाही.

तुमच्याकडे नालच्या पुढे काय म्हणायचे? आमच्या स्टाफरूममध्ये तीन वेगळी उत्तरं आली.