धाब्यावरचा वर्ग

आज संध्याकाळी पुतणीसोबत घराच्या धाब्यावर, म्हणजे गच्चीवर बसलो होतो. घरात रेंज नाही, धाब्यावर पाण्याच्या टाकीजवळ तेवढी दोन दांड्या येते. ती ‘स्वयम’ या सरकारी ऑनलाइन शिक्षणाच्या साइटवरचा पायथनचा, म्हणजे संगणकाच्या एका भाषेचा, कोर्स करते आहे. शिकवणारे आयआयटीचे प्राध्यापक, शिकणारी यवतमाळ जिल्ह्यातल्या एका कोरडवाहू शेतकऱ्याची पोर, आणि फी शून्य! मला खरंच भरून आलं.

तिची वही पाहिली. डावीकडे व्हिडिओतली वेळ, उजवीकडे अर्थ: ‘12.40, लूप म्हणजे फेरा.’ एकेक वाक्य थांबवून तीन-तीनदा ऐकते. म्हणाली, "काका, गणित समजते मले, पण सर इंग्रजीत लय भराभर बोलते." दहा मिनिटांचा धडा, तिला तास लागतो. त्यात दसऱ्यापासून कापसाची वेचणी. गावातल्या चौघींनी नावं घातली होती, तिघींचा कोर्स मधेच सुटला. त्या हुशार नव्हत्या असं कोणी म्हणू नये, दिवसभर वाकून वेचल्यावर डोळे उघडे राहत नाहीत.

2011 साली अमेरिकेतल्या स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या पहिल्या मोठ्या मोफत ऑनलाइन कोर्सलाही दीड लाखावर लोकांनी नावं नोंदवली, पूर्ण केला 23 हजारांच्या आसपास लोकांनी. म्हणजे गळती सगळीकडेच. पण आमच्या पोरींना अडलं तर विचारायला शेजारी कोणीच नसतं, हे मला जास्त लागतं.

कोर्स फुकट, पण प्रमाणपत्राच्या परीक्षेला फी आहे आणि केंद्रावर जावं लागतं. फी मी भरतो म्हणालो. नागपूरला सोबत तिचे बाबा जातील. ग्रामपंचायतीच्या वाचनालयाची खोली संध्याकाळी दोन तास मिळते का, उद्या सरपंचांना विचारणार आहे. त्या तिघींनाही बोलावतो.